एक्कावन्नावी वाटी

विश्रांतवाडीच्या संपतराव टाकळकरांच्या दाराला बेल होती, पण तिच्यातला सेल त्यांनी काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला होता. लोकांना हात आहेत, वाजवतील दार, असं त्यांचं म्हणणं. ज्या वावरात त्यांच्या वडिलांनी ज्वारी काढली तिथे आता सात मजली सोसायटी उभी होती आणि तिच्यातले तीन फ्लॅट त्यांच्या नावावर होते. तरी हा गृहस्थ संक्रांतीला लोकांच्या तळहातावर हलव्याचा एक दाणा ठेवायचा आणि वर "लाजू नका" म्हणायचा.

भोगीच्या दिवशी खडकी बाजारात भांड्यांच्या एका दुकानावर पाटी लागली: काहीही घ्या, नाव मोफत घाला. संपतरावांनी चहाची गाळणी घेतली आणि सोबत आणलेलं पोतं काउंटरवर उलटं केलं. आतून स्टीलच्या एक्कावन्न वाट्या खणखणत बाहेर आल्या.

वाट्या त्यांच्या बायकोच्या, तुळजाबाईंच्या. तीस वर्षं ती बाई लोकांच्या हळदीकुंकवाला जाऊन वाण आणत राहिली. स्वतःच्या घरी हळदीकुंकू करायचं नाव काढलं की संपतराव म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." ते वर्ष काही उजाडलं नाही. तीन वर्षांपूर्वी बाईच गेली आणि वाट्या माळ्यावर राहिल्या.

"काय नाव घालू?" मशीन हातात घेत रतनने विचारलं. दुकानात नावं घालायचं काम त्याच्याकडे होतं.

"कैलासवासी संपतराव टाकळकर यांच्या स्मरणार्थ."

"वडील का?"

"मीच."

रतनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग तारीख काय टाकू?"

"तेवढी जागा मोकळी सोड. आणि मोफत काम करताना इतके प्रश्न विचारू नये."

हिशोब सरळ होता. मूलबाळ नाही, आणि आपल्यामागे भाचे स्मरणार्थ भांडी वाटतील यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फुकटात होतंय तर जिवंतपणीच उरकून घ्यावं!

संक्रांतीच्या दुपारी तीन वाजता संपतराव घोरत पडले होते. जाग आली तर पायथ्याशी तुळजाबाई बसलेल्या. सणाचं म्हणून काळं लुगडं नेसलेल्या, मांडीवर पोतं, आणि एकेक वाटी उलटी करून बघत होत्या.

"भूत!" संपतराव ओरडले.

"मग काय पाव्हणी येनार तुमच्याकडं? उठा. चपला कुठं हायेत तुमच्या?"

"कशाला?"

"वर बोलवलंय. तारखेची जागा मोकळी सोडली व्हती ना? मोकळी जागा दिसली की वरचा कारकून भरून टाकतो. लई नेटका मानूस हाय." त्यांनी वाटी पुढे केली. कालपर्यंत कोऱ्या असलेल्या जागी आता सुबक अक्षरात कोरलं होतं: रथसप्तमी, शके चालू.

संपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. रथसप्तमीला जेमतेम अकरा दिवस होते. "अगं, पण मी जिवंत आहे! डॉक्टरचा कागद आणतो."

"कागद मानत न्हाईत. स्टीलवरचं मानत्यात."

"मग भंगारात घालतो वाट्या."

"घाला. नाव भंगारात गेलं की मानूस बी गेला. मंग आजच निघू."

तुळजाबाईंनी वाटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "येक मार्ग हाय. लुटलेल्या वाणावर कुनाचं नाव हाय ते वर कुनी वाचत न्हाई. घरात साठवलेलं तेवढं वाचत्यात. समद्या वाट्या वाण म्हनून लुटा, रथसप्तमीच्या दिवेलागणीपतूर. येक बी ऱ्हायली तर चपला घालून बसा." जाता जाता त्या दारात वळल्या. "तीस वर्सं माजी व्हती ती भांडी. येका चमच्यावर तरी माजं नाव घालायचं व्हतंत."

एवढं बोलून त्या गेल्या. संपतरावांना भीती वाटली हे खरं, पण त्या शेवटच्या वाक्याने जी लाज वाटली ती भीतीपेक्षा वाईट होती.

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार आमंत्रण करत फिरू लागले. वरच्या मजल्यावरची ऋतुजा घरूनच आयटीचं काम करायची. तिने कानातला इअरफोन काढला.

"वेट, काका. हळदीकुंकू? तुमच्याकडे? पण करणार कोण?"

"तुझी काकू."

"काकू तर गेल्या ना?"

"गेली होती. मध्ये येऊन गेली."

ऋतुजाने ताबडतोब सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की संपतकाकांचं काहीतरी सीरियस बिनसलंय, ते खर्च करतायत. भुताचं कुणाला नवल वाटलं नाही, खर्चाचं वाटलं. रथसप्तमीला जिना बायकांनी भरून गेला.

ऋतुजानेच सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. संपतरावांनी दोन किलो तिळगूळ आणला होता, आणि आणताना दुकानात त्यांना घाम फुटला होता. ते एकेक वाटी भरून देत होते. बायका वाटी उलटी करून वाचत, त्यांच्याकडे बघत, पुन्हा वाचत.

"काका, हे कैलासवासी..."

"हो, मीच. घ्या. आणि वाटी परत आणून देऊ नका."

मग कुणीतरी नाव घ्यायचा आग्रह धरला. संपतराव आधी लाजले, मग चिडले, मग घसा खाकरला.

"तीस वर्षं वाट्या होत्या माळ्यावरच्या पोत्यात, तुळजाचं नाव घेतो आज सगळ्या गोतात."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोचं नाव चारचौघांत घेतलं होतं, आणि ऐकायला ती नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी टॉवेलने पुसले आणि ओरडले, "पुढची!"

दिवेलागण होत आली. बायका गेल्या. ऋतुजाही गेली. संपतरावांनी पोत्यात हात घातला आणि हाताला एक वाटी लागली.

ते जिन्यातून धावले. वॉचमनच्या बायकोला मिळाली होती. इस्त्रीवालीला मिळाली होती. एकीला दोन देता येत नाहीत. धापा टाकत ते घरी आले, चपला घातल्या आणि वाटी घेऊन खुर्चीत बसले. आता त्यांना वाईट एवढंच वाटत होतं की हे सगळं तिच्या हयातीत करता आलं असतं.

आणि बेल वाजली. सेल नसलेली बेल.

दारात काळ्या लुगड्यात तुळजाबाई उभ्या होत्या. "मला आवतान न्हाई का? मी बी सवाष्ण गेलीय."

संपतरावांनी तिला हळद लावली, कुंकू लावलं. मग सवयीने वाटीत तिळगुळाचा एक दाणा टाकला. तिने फक्त पाहिलं. संपतरावांनी आख्खा डबा वाटीत उपडा केला. तिळगूळ ओसंडून जमिनीवर सांडला, आणि त्यांनी तो वेचला नाही.

तुळजाबाईंनी वाटी पदराखाली घेतली आणि जिना उतरू लागल्या.

"अगं, थांब," चपला घातलेले संपतराव उंबऱ्यात येऊन म्हणाले. "मग मी कधी यायचं?"

तुळजाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"पुढच्या वर्षी बघू," त्या म्हणाल्या.