आईचा पलंगपोस

बसमध्ये जागा रिकामी होती, तरी आसुंता पिशवी छातीशी धरून उभीच राहिली. पूल आला, खाली समुद्र चमकला आणि पलीकडे ऑर्तिजिया बेटावरची घरं दिसायला लागली, तशी ती थांबा यायच्या आधीच दाराशी सरकली. बहात्तरीच्या बाईनं इतकं उतावीळ व्हावं का, असं तिचं तिलाच वाटलं. पण पिशवीत आईचा पलंगपोस होता आणि आज तो सज्जावर झळकणार होता.

एकेचाळीस वर्षांपूर्वी बेटावरच्या घराच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा आसुंताच्या घरची मंडळी पुलाअलीकडच्या नव्या इमारतीत राहायला आली. पुढची तीस वर्षं आसुंतानं इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करण्यात घालवली. मे महिन्यात डोळ्यांची राखण करणाऱ्या संत लुचियाची चांदीची मूर्ती खांद्यांवरून निघते, तेव्हा गल्लीतलं प्रत्येक घर आपलं सर्वांत चांगलं कापड सज्जावर टांगतं. आईचा पिवळा रेशमी पलंगपोस इतका नावाजलेला होता, की मूर्तीचा विसावा नेमका त्याच्याखाली व्हायचा. घर गेलं, पलंगपोस पेटीत गेला आणि विसावा पुढे औषधांच्या दुकानापाशी सरकला. हे मात्र आसुंताच्या मनातून कधी गेलं नाही.

आता ते घर डागडुजी करून प्रवाशांना भाड्यानं देतात आणि तिथली साफसफाई तिची भाची मेलिना करते. सकाळचे पाहुणे गेले होते, पुढचे तीनला येणार होते.

"मावशी, अर्धाच तास हं," मेलिना दारातच म्हणाली. "मालकाला कळलं तर माझी नोकरी गेली."

"त्याच्या चादरींवर सुरकुत्या बघ किती. नोकरी त्याचीच जायला हवी," असं म्हणत आसुंता तडक सज्जात गेली आणि थबकली. पूर्वीचा लोखंडी कठडा नव्हता. त्याच्या जागी गुळगुळीत काच बसवली होती, पलंगपोसाच्या फिती बांधायला ना आकडा, ना गज. मेलिनानं कपड्यांचे चिमटे आणले, तर जाड काचेवर ते बसेनात. रेशीम घसरून खाली येत होतं. तेवढ्यात वळणावर बँड वाजला.

आसुंतानं पलंगपोसाची दोन्ही टोकं मुठींत धरली आणि तो काचेवरून बाहेर सोडला. ऊन पडताच पिवळं रेशीम लखलखलं, त्यावर भरलेले पांढरे लावऱ्या पक्षी जागे झाले. समोरच्या खिडकीतली म्हातारी ओरडली, की हा तर नुन्सियाताचा पलंगपोस! आईचं नाव गल्लीत पुन्हा ऐकून आसुंताला भरून आलं.

मूर्तीपुढे घंटा घेऊन नेद्दू चालला होता. लहानपणचा शेजारी, आता तोही म्हातारा. त्यानं घंटा वाजवली की हिरव्या टोप्यांचे गडी मूर्ती टेकवणार, पुन्हा वाजवली की उचलणार. पण त्याची नजर गड्यांच्या पावलांवर खिळलेली. तो सज्जाखाली आला, पुढे निघालाही.

"नेद्दू! डोळ्यांच्या संतिणीपुढं चालतोस आणि तुला एवढं दिसत नाही होय रे?" आसुंता वरून ओरडली.

गल्ली हसली. नेद्दूनं मान वर केली. पिवळ्या रेशमाकडे बघितलं, मग वरच्या पांढऱ्या केसांकडे. त्यानं टोपी काढली. औषधांचं दुकान अजून चाळीस पावलं पुढे होतं.

त्यानं घंटा वाजवली.

मूर्ती टेकली, अगदी खाली, जिथं पूर्वी टेकायची तिथंच. सगळी गल्ली छातीवर क्रूसाची खूण करू लागली. आसुंताचे दोन्ही हात गुंतलेले. मेलिनानं पुढे होऊन मावशीच्या कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावली आणि तिच्या वतीनं क्रूसाची खूण केली.

घंटा पुन्हा वाजली. मूर्ती वळणाआड गेली, बँड विरला, तीनही वाजत आले. आसुंता हसत होती, पण तिच्या मुठी काही उघडेनात. मेलिनाला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.