वेंगुर्ल्याच्या म्याडम आणि बेंबळ्याची मच्छी

सुनेत्रा तोरसकर वेंगुर्ल्याहून बदली होऊन यवतमाळच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आली, तेव्हा तिनं मनाशी एक निश्चय केला होता. इथं रडत बसायचं नाही. इथलंच खायचं, इथलंच फिरायचं, एखादा छंद लावून घ्यायचा. निश्चय करण्यात ती लहानपणापासून पटाईत होती. गडबड व्हायची ती त्यानंतर.

पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या बाईनं पिशवीत वांगी टाकता टाकता सांबार देऊ का म्हणून विचारलं. सुनेत्रानं समजुतीच्या सुरात सांगितलं, की नको, आज घरी इडल्या नाहीत. बाईनं तिच्याकडे पाहिलं, हातातल्या कोथिंबिरीच्या जुडीकडे पाहिलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात हे सुनेत्राला घरमालकीण इंदुताईंकडून कळलं. पुढे पंधरा दिवस तिनं भाजी दुसऱ्या टोकाच्या गाडीवरून घेतली.

खरा घोळ मात्र इंदुताईंच्या यजमानांमुळे झाला. विठ्ठलराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते आणि घरी बसून त्यांना घर खायला उठलं होतं. त्यांनी मोबाइलवरून मासे पकडायची एक दांडी मागवली होती. झकास रीळ, पाण्यावर तरंगणारं लाल बोंड, सगळं होतं. वापरायची कशी, एवढंच ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी सुनेत्रानं बोलता बोलता गावाचं नाव सांगितलं आणि विठ्ठलरावांचा चेहरा उजळला.

"म्हंजे समुद्रावरच्या तुम्ही," ते म्हणाले. "मंग मच्छी पकडनं तं तुमाले येतच असन."

आता सुनेत्राची हकिगत अशी, की मासे तिनं आयुष्यभर फक्त खाल्ले होते. ते आई बाजारातून आणायची आणि शेजारची काकू साफ करून द्यायची. कच्च्या माशाचा डोळा दिसला तरी सुनेत्रा स्वयंपाकघराबाहेर जायची. पोहणं येत नव्हतं. होडीत ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा ओकली. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याकडे आदरानं पाहत होतं. ती नुसती हसली आणि मान हलवली. मान उभी हलली की आडवी, हे तिनं मुद्दामच स्पष्ट ठेवलं नाही.

मग काय, बातमी आळीभर झाली. बाजारात शेजारणी तिला मासा तपासायला बोलावू लागल्या. एकदा तिनं टोपलीतल्या एका माशावर लांबूनच बोट रोखून तो ताजा असल्याचा निर्वाळा दिला. तो मासा अजून शेपटी हलवत होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाभुळगावकडे, बेंबळा धरणाच्या पाण्यावर जायचं ठरलं. आदल्या आठवड्यात सुनेत्रानं स्टाफरूममध्ये बसून गळ टाकण्याचे जमतील तेवढे व्हिडिओ पाहिले. त्यातले बहुतेक थायलंडचे होते. इंदुताई माळकरी, त्यांनी आधीच बजावलं होतं की मच्छीची चूल वेगळी आणि ती म्याडमनं सांभाळायची. स्वतः मात्र त्यांनी भाड्यानं घेतलेल्या व्हॅनमध्ये गोवऱ्यांचं पोतं, रोडग्याचं जाड पीठ, वांगी आणि तुपाची बरणी चढवली. सुनेत्रा म्हणाली, इतकं कशाला, मासे मिळतीलच. असू द्या जवळ, एवढंच त्या म्हणाल्या.

काठावर तिनं पदर खोचला, दांडी हातात घेतली आणि व्हिडिओतल्यासारखी डोक्यावरून फिरवून फेकली. गळ पाण्यात गेला नाही. मागे उभ्या विठ्ठलरावांची टोपी मात्र गेली. दुसऱ्या खेपेला गळ तिच्याच पदरात रुतला आणि तो सोडवता सोडवता पदर फाटला. विठ्ठलराव हे सगळं शिष्यासारखे बघत होते. कोकणात अशीच रीत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

तिसऱ्यांदा गळ पाण्यात पडला. लाल बोंड डोलू लागलं आणि थोड्या वेळानं बुडकन खाली गेलं. दांडी वाकली, पाण्यावर काहीतरी रुपेरी उसळलं. माशाचा डोळा आपल्यावरच रोखलाय असं सुनेत्राला स्वच्छ दिसलं. तिनं किंकाळी फोडली, दांडी सोडली आणि व्हॅनकडे पळत सुटली. मासा दांडीसकट निघून गेला.

मग विठ्ठलराव तिच्याजवळ आले.

"म्याडम, खरं सांगा. तुम्ही कधी मच्छी पकडली हाये का?"

"नाही," ती म्हणाली. "खाल्लीय. पुष्कळ."

विठ्ठलराव रागावले नाहीत, त्यानं तिला जास्तच वाईट वाटलं. खाली बसून ते पाण्याकडे बघत सांगू लागले. एसटी घेऊन धामणगावच्या फेरीला बेंबळ्याच्या पुलावरून जाताना त्यांना काठावर गळ टाकून बसलेली माणसं दिसायची. रोज वाटायचं, आपणही उतरून बसावं. पण मागे साठ माणसं, गाडी थांबवणार कशी? आता वेळ होता, तर शिकवणारं कोणी भेटत नव्हतं.

"मले वाटलं, तुम्ही भेटल्या," ते म्हणाले.

सुनेत्राला आपली मान आठवली, उभी की आडवी हलवलेली, आणि ती मुळापासून उपटून बेंबळ्यात टाकावी असं वाटलं. तेवढ्यात इंदुताईंनी हाक मारली. हात रिकामे असतील तर इकडे या, म्हणाल्या.

रोडगे वळायला हात बसावा लागतो. पारीवर पारी ठेवून, मध्ये तूप लावून गोळा मिटायचा. सुनेत्राचे गोळे बटाट्यासारखे झाले, एक तर थेट चपलेसारखा. इंदुताईंनी ते सगळे तसेच गोवऱ्यांच्या इंगळात पुरले. भाजले तशी राख झटकून, फोडून त्यावर तूप ओतलं. वांग्याच्या रश्शानं सुनेत्राच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. दातांखाली राखेची कचकच होती. ती तीन रोडगे खाऊन चौथ्याकडे बघू लागली, तेव्हा विठ्ठलरावांनी स्वतःच तो तिच्या पानात टाकला.

पुढच्याच आठवड्यात तिनं नवी दांडी मागवून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. शिकवणारं कोणी नव्हतंच, तेव्हा दोघांनी मिळून न शिकताच बसायचं ठरवलं. दर रविवारी विठ्ठलराव गळ टाकून बसत, आणि सुनेत्रा पाण्याकडे पाठ करून इंगळ सांभाळी. वेंगुर्ल्याहून आईचा फोन आला की ती सांगायची, मासेमारीला आलेय. ते अगदीच खोटं नव्हतं.

पौषात एकदा विठ्ठलरावांच्या गळाला वीतभर मासोळी लागली. त्यांनी ती हातात धरून चहूबाजूंनी फोटो काढून घेतले. मग ती साफ कोणी करायची, असा प्रश्न निघाला. विठ्ठलरावांनी सुनेत्राकडे पाहिलं. सुनेत्रानं इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताईंनी गळ्यातल्या माळेला हात लावला.

मासोळी पाण्यात परत सोडली. त्या दिवशी इंदुताईंनी भाजीत तिखट जरा जास्तच घातलं होतं, पण कोणी तक्रार केली नाही.