ढोलकी आधी थांबली

महाळुंग्याच्या हिंदुरावाची ढोलकी आणि दापोडीच्या भैरूची हलगी समोरासमोर आली, की चाकणच्या बाजारातला माणूस कांद्याचा भाव विसरायचा. दोघे एकाच तमाशाच्या फडात. जुगलबंदीची रीत ठरलेली: जो आधी हात थांबवील तो हरला, आणि हरलेल्यानं सगळ्यांदेखत दुसऱ्याच्या वाद्याला हात लावून नमस्कार करायचा. हिंदुरावानं असा नमस्कार उभ्या जन्मात केला नव्हता. मिशीला पीळ काय उगाच होता राव?

घरात मात्र या पराक्रमाला कुणी विचारत नव्हतं. त्याच्या बायकोनं, अंबुबाईनं, नवऱ्याची जुगलबंदी कधी ऐकलीच नव्हती. ऐकणार कुठून? घरंदाज बायांनी तमाशाच्या कनातीकडं फिरकायचं नाही, असा त्या काळचा दंडक. हिंदुराव जिंकून आला, की ती म्हणायची, "जितलात ना? आता बैलांना वैरण टाका." ते त्याला फार लागायचं.

म्हणून मुंबईची रेकॉर्ड कंपनी चिंचवडला एका बंगल्यात यंत्र मांडून बसलीय आणि जोडीला बोलावणं आलंय, हे कळल्यावर गडी हरखून गेला. तबकडी निघाली, तर अंबू घरात बसून ऐकेल. दुसरं काय पाहिजे?

कंपनीचे सोपानराव सज्जन माणूस. त्यांनी नीट समजावलं, "तबकडीत तीनच मिनिटं मावतात. लाल दिवा लागला, की आटपायचं."

"आटपतो की," दोघे म्हणाले.

कशाचं आटपतायत! दिवा लागला, तबकडी संपली, सोपानराव हात हलवून दमले, तरी यांचं आपलं चालूच. आधी कोण थांबणार? दुसऱ्या खेपेलाही तेच.

"मग दोघं एकदम थांबा ना," सोपानराव काकुळतीला आले.

"एकदम थांबलं तर जुगलबंदी कसली, साहेब? ती भजनातली साथ झाली," भैरू म्हणाला. हिंदुरावालाही ते पटलं.

"तुमच्यासाठी आता एकच कोरी तबकडी उरलीय. ही वाया गेली, तर तुम्ही घरी आणि मी मुंबईला."

हिंदुरावानं भैरूला बाजूला घेतलं. "भैरू, या खेपेला तू थांब."

"थांबायचं लई मनात हाय दादा, पर हात ऐकत न्हाई."

पुन्हा सुरू झालं. दिवा लागला. भैरू डोळे मिटून असा रंगला होता, की त्याला दिवा काय, दिवाळीसुद्धा दिसली नसती. हिंदुरावाला मात्र दिसला. हरायचं, तेही तबकडीवर, म्हणजे ती जितक्यांदा वाजेल तितक्यांदा हरायचं. पण नाही हरलो, तर अंबू काही ऐकत नाही. त्यानं एक सणसणीत थाप मारली आणि हात उचलले. हलगी थोडी एकटीच कडाडली, गोंधळली आणि थांबली. भैरूनं डोळे उघडले, तेव्हा हिंदुराव वाकून त्याच्या हलगीला हात लावत होता.

"दादा, बरं हाय ना?"

"बरं हाय. चल, चहा घेऊ."

तबकडी आली. चाकणच्या कांद्याच्या अडत्याकडून ग्रामोफोन मागून आणला. माजघरात आळीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या. हिंदुराव बाहेर पायरीवर बसून राहिला. त्याला आत जायचा धीर होईना. सुई खरखरली, हलगी कडाडली, ढोलकी तिच्या अंगावर धावून गेली, आणि मग आत कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी ढोलकी गप झाली आणि हलगी एकटीच वाजून थांबली.

अंबुबाई दारात आली. डोळे पदरानं पुसत होती.

"आधी थांबले ते तुमीच ना?"

"मीच. हरलो."

"तुमी तर कधी हरत न्हाई."

"हरलो नसतो, तर तबकडी निघाली नसती. तुला काय ऐकायला मिळालं असतं?"

अंबुबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "आत या. बाया खोळंबल्यात. आणखी एकदा हरा."

त्या दिवशी हिंदुराव दिवस कलेपर्यंत हरत राहिला, आणि ग्रामोफोनला चावी तोच देत होता.