पाठीवरचे डाग

मी एक जुना लोकरी कोट आहे. रंग तपकिरी, कॉलर रुंद, पुढे चार बटणे आणि त्यातले तिसरे मूळचे नाही. मित्रांनो, खरे तर माझी कहाणी तुम्हाला शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला हवी. पण आज माझे चित्त ठिकाणावर नाही. सकाळी माझ्या हँगरला एक चिठ्ठी टाचली गेली. तिच्यावर लिहिले आहे, 'आज धुणे'. माझ्या पाठीवर मातीचे सात डाग आहेत. आज ते जाणार, आणि मला ते जायला नको आहेत.

एवढे ऐकून तुम्ही हसाल. कपड्याला धुण्याची भीती कसली? थांबा, सांगतो. मधेच माझे बोलणे तुटले तर राग मानू नका. दाराबाहेर पावले वाजली की मी दचकतो आहे.

मला एका शिंप्याने शिवले. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचे निम्मे बोलणे बायकोलाच कळायचे. माझ्या बाह्यांवर तो तीन तीन बटणे लावत होता. ती बटणे लागत नाहीत, निघत नाहीत, काहीच करत नाहीत. बायकोने विचारले, "ही कशाला?" त्याने टाचण्या हातात काढून घेतल्या आणि म्हणाला, "नसली तर लोक विचारतात, कुठे गेली." फॅशनबद्दल याहून शहाणे उत्तर मी पुढच्या चाळीस वर्षांत ऐकले नाही.

मला शिवले होते एका सिनेमासाठी. असे कपडे नेहमी जोडीने शिवतात. एक खराब झाला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. पण आमच्या निर्मात्याचा हात आखडता, म्हणून मी एकटाच शिवला गेलो. पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले.

सिनेमात बापाशी भांडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी घरी परत येतो. वाटेत तो चिखलात पडतो, उठतो आणि तसाच घराच्या दाराशी येऊन उभा राहतो. कॅमेरा त्याच्या मागे. बाप आत असतो. मुलगा काही बोलत नाही, नुसती त्याची पाठ दिसते. पडद्यावर हे सगळे सलग दिसते, पण चिखलात पडण्याचे चित्रीकरण झाले एका सोमवारी, आणि दाराशी उभे राहण्याचे पुढच्या सोमवारी. मधल्या आठवड्यात माझ्यावरचा एकही डाग हलता कामा नये. कोणते बटण उघडे, कोणत्या खांद्यावर पिशवी, हे सगळे लिहून ठेवायला एक वहीवाली ताई होती. तिने माझे फोटोही काढले. सगळे पुढून.

माझी देखभाल इस्त्रीमावशीकडे होती. ती नुकतीच कामाला लागली होती. त्याआधी बारा वर्षे एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात होती. तिथला नियम एकच, मळका कपडा हँगरला चढता कामा नये. तो तिच्या हाडीमांसी खिळला होता. चिखलाने भरलेला मी हँगरवर लटकतो आहे हे पाहून तिला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी, कुणी सांगितले नसताना, ती मुद्दाम आली आणि तिने मला तीन पाण्यांतून काढले.

सोमवारी दिग्दर्शकाने मला पाहिले. त्याने मला पाठीकडून वळवले.

"डाग कुठे गेले?"

"काढले ना, साहेब," मावशी खुशीत म्हणाली. "सातही काढले. त्यातला एक जाम निघत नव्हता, पण सोडला नाही मी त्याला."

मग तिने सगळ्यांची तोंडे पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. निर्माता म्हणाला, "बाई, तुम्ही आजच्या आज हिशोब घ्या." नायक दुसऱ्या दिवशी परगावी जाणार होता. पुन्हा चिखलात लोळायचे तर तो पहिल्यासारखा पडणार थोडाच? वहीवालीने फोटो चाळले. पाठीचा एकही फोटो नाही. तीही रडकुंडीला आली.

तेव्हा मावशी म्हणाली, "मला तासभर द्या."

तिने मला इस्त्रीच्या टेबलावर पालथा घातला. चाळलेली माती, चहाचे पाणी आणि यंत्राचे थोडे तेल तिने जवळ घेतले. डोळे मिटले आणि माझ्या पाठीवरून तळवा फिरवू लागली. "इथे रगडताना बोट दुखलं होतं," ती पुटपुटली आणि तिथे एक डाग घातला. "इथला लांबट होता. बाहीच्या शिवणीपर्यंत आला होता." दुसरा घातला. जो जीव तोडून डाग काढतो, त्याला तो कुठे होता हे पाठ असते. प्रत्येक डागावर तिने इस्त्री ठेवून तो पक्का केला. तासाभरात साती डाग जागच्या जागी आले. नायक मला चढवून दाराशी उभा राहिला. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून पाहिले आणि मावशीकडे न बघता म्हणाला, "चला, घेऊ."

तिची नोकरी वाचली. पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे सरळ बघेना. हँगर उचलतानाही मान दुसरीकडे.

कोण आले? नाही, पंख्याचा आवाज आहे.

सिनेमा खूप चालला. गावोगावचे शिंपी रुंद कॉलरचे तपकिरी कोट शिवू लागले. उन्हाळ्यातसुद्धा लोक घामाच्या धारा पुसत ते घालायचे. हौसेला मोल नसते म्हणतात, पण तिला हवामानही नसते हे मला तेव्हा कळले. चार वर्षांनी अरुंद कॉलरी आल्या आणि मला पाहून तीच माणसे हसू लागली. मी काही बदललो नव्हतो. मग चुकले कोणाचे? या प्रश्नावर मी कित्येक दुपारी घालवल्या आहेत.

पुढे मी भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात गेलो, आणि सिनेमातला खरा कोट म्हणून डागांसकटच भाड्याने जाऊ लागलो. तिथे मला लग्नसमारंभात गाणारा एक गायक नेहमी न्यायचा. गाणे सुरू होण्याआधी त्याला धास्ती वाटायची, म्हणून तो माझ्या तिसऱ्या बटणावर बोटाने ताल धरायचा. असा धरायचा की शेवटी बटण तुटले. त्याने दुसरे लावले, जरा मोठे, जरा काळपट. मला सिनेमातल्या संगीतापेक्षा त्याचे गाणे आवडायचे. सिनेमात माझ्यासाठी व्हायोलिन वाजले, पण ते नंतर, माझ्यामागे, दुसऱ्याच खोलीत. हा गायक माझ्या आत उभा राहून गायचा. वरची पट्टी आली की माझ्या शिवणी ताणायच्या.

आणि खिसे! सिनेमात माणसाचे खिसे नेहमी रिकामे असतात, हे कधी लक्षात आले आहे का तुमच्या? नायक खिशात हात घालून रुबाबात चालतो, पण आत ना रुमाल, ना किल्ली. दुकानातून मी बाहेर जायला लागलो तेव्हा कुठे माझ्या खिशांना संसार आला. अर्धी पेपरमिंट, बसचे तिकीट, एका लहान मुलीचा दुधाचा दात. तो दात कोटाच्या खिशात कशाला ठेवला असेल याचा मी अजून विचार करतो.

मग मला कोणी नेईनासे झाले. दुकान बंद पडले, मी एका पेटीत गेलो. पेटीतली वर्षे मी मोजली नाहीत. कसरीने डाव्या बाहीला भोक पाडले, तेवढाच विरंगुळा. शेवटी सिनेमाच्या जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवणाऱ्यांनी मला शोधून काढले. इथली एक ताई मला पांढरे हातमोजे घालूनच उचलते. मी तिला मनात हातमोजेताई म्हणतो. तिचे साहेब म्हणाले, "इतका मळका कोट काचेत ठेवायचा? लोक म्हणतील, यांना साधं धुवायलाही जमत नाही." तिने दोन दिवस टाळाटाळ केली. मग डागांबद्दल विचारायला शिंप्याच्या मुलाकडून इस्त्रीमावशीचा नंबर मिळवला आणि माझ्यासमोरच फोन लावला. मला वाटले, आता माझी सुटका झाली. मावशी नाहीच म्हणेल.

पण मावशी म्हणाली, "धुऊन टाका. माझी चूक आहे ती. लोकांना काय दाखवायची? थांबा, मीच येते. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका."

मित्रांनो, ज्याचा मी आयुष्यभर अभिमान धरला, त्याची ती आयुष्यभर लाज धरून बसली होती. सकाळपासून मी अस्वस्थ आहे तो यामुळे. थांबा, दार वाजले.

आता संध्याकाळ झाली आहे. काय घडले ते सांगतो.

मावशी आली. केस पांढरे, पाठीला बाक, हातात पिशवी आणि पिशवीत स्वतःचा साबण नि ब्रश. तिने मला हँगरवरून काढून हातावर घेतले. हातमोजे नव्हते. नळाकडे जायची वाट बाहेरच्या दालनातून होती. तिथल्या पडद्यावर आमच्या सिनेमाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत होते. मावशी खाली मान घालून निघाली होती. मग व्हायोलिन सुरू झाले आणि ती थांबली.

"तुम्ही पाहिलाच असेल ना सिनेमा?" ताईने विचारले.

"नाही गं. धीरच झाला नाही."

पडद्यावर दार, आणि दारासमोर मी. पुढे एक नवराबायको उभे होते. नवरा हळूच म्हणाला, "पाठ बघ त्याची. केवढ्या लांबून आलाय." बायकोने पदराने डोळे टिपले. त्या दोघांना मावशी कोण हे ठाऊक नव्हते. मुलगा पडद्यावर काही बोलत नव्हता. जे काही बोलत होते ते साती डाग बोलत होते.

मावशीने तो तुकडा चार वेळा पाहिला. तिचा तळवा माझ्या पाठीवर होता आणि तो एकेका डागावर जात होता, न चुकता.

"साहेब विचारतील," ताई शेवटी म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"सांगा, धुणारीनंच नाही म्हटलं."

मावशी मला हँगरला लावून, साबण पिशवीतच ठेवून गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे सरळ बघितले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना झटका, पुसा, ऊन दाखवा. पण धुवायला काढण्याआधी एकदा विचारा की हा डाग कोणाचा आहे. आणि सांगणारे माणूस आहे, तोवरच विचारा.