बेचाळिसावी तक्रार

ब्रेकर्टन शहराच्या पोलीस खात्यात माणसं सेहेचाळीस. गस्तवाले, तपासवाले, नोंदीवाले, मुद्देमालाची खोली सांभाळणारे. नाव एका खात्याचं, पण प्रत्येकाची चूल वेगळी. या सगळ्यांना एका नियमावलीत आणून खात्याला राष्ट्रीय मान्यता मिळवून द्यायचं काम चीफ ट्रुइटनी सार्जंट व्हर्ना कोवाल्चिकच्या गळ्यात घातलं, त्याला तीन वर्षं झाली होती. बारा वर्षं गस्तीच्या गाडीत काढलेली बाई तेव्हापासून फायलींमागे धावत होती.

गस्तीचे लेफ्टनंट रस्टी होडाक तिला 'कागदबाई' म्हणत.

"अगं कागदबाई, चोर काय तुझ्या फायली बघून पळणार आहेत?"

"चोर नाही पळणार, लेफ्टनंट. पण तुम्ही पळताय ना, सही करायच्या वेळी!"

होडाक हसायचे, शिव्या घालायचे आणि शेवटी सही करायचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण एकतीस वर्षांत एक दिवस उशिरा आलेला नव्हता.

ऑक्टोबरात मान्यता देणाऱ्या आयोगाकडून तपासणीला दुसऱ्या राज्यातून दोघं आले. त्यातल्या मुख्य म्हणजे लिंडक्विस्टबाई. स्वतः निवृत्त पोलीसप्रमुख. बोलणं मऊ आणि नजर सुईसारखी. पहिल्या दिवशी त्यांनी मुद्देमालाच्या खोलीतल्या वीस वस्तू यादीतून मनाला येतील तशा मागवल्या. वीसच्या वीस जागेवर सापडल्या. व्हर्नाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास लोकांसाठी फोन खुला होता. खात्याबद्दल कोणीही बरंवाईट थेट तपासनिसांना सांगावं, पोलिसांनी मात्र फोनच्या खोलीत थांबायचं नाही. व्हर्ना बाहेर येरझाऱ्या घालत होती. पाऊण तासाने लिंडक्विस्टबाई बाहेर आल्या.

"युडोरा फ्लिक नावाच्या बाईंची फाईल मिळेल का?"

फ्लिक आजी एक्याऐंशी वर्षांच्या. शेजाऱ्याचा कुत्रा, रस्त्यावरचा दिवा, कशावरूनही तक्रार करायच्या. पण प्रत्येक तक्रार नोंदवायची आणि तिला लेखी उत्तर द्यायचं, हा नियम व्हर्नानेच घालून दिलेला. तिने त्यांना आपल्या खोलीत नेऊन फाईल पुढे ठेवली; चीफही मागोमाग आले.

लिंडक्विस्टबाईंनी तक्रारी मोजल्या. "एक्केचाळीस. आजी म्हणतात बेचाळीस. मार्चमधल्या एकीचं उत्तर त्यांना आलंच नाही."

"आजींची मोजण्यात चूक झाली असेल," चीफ घाईने म्हणाले.

"चूक आजींची नाही." दारात होडाक उभे होते. कान लालबुंद. "ती तक्रार माझ्याविरुद्ध होती. कुत्र्यावरून चौथ्यांदा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो, फोन आपटला. त्यांनी परत फोन करून माझंच नाव सांगितलं, तोही मीच उचलला. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली. पण लिहिलं नाही. लाज वाटली."

तीन वर्षांची मेहनत या माणसाने एका फोनापायी पाण्यात घातली, असं व्हर्नाच्या अगदी ओठांवर आलं. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. तिने खण उघडला, कोरा अर्ज काढला.

"बसा, लेफ्टनंट. तारीख सांगा."

"आत्ता?"

"आत्ताच. नाव, हुद्दा, काय घडलं, सगळं."

होडाक खुर्ची ओढून बसले. चौकशी तपासवाल्यांच्या कॅप्टनकडे गेली, होडाकना लेखी ताकीद मिळाली, आजींना चीफच्या सहीचं पत्र गेलं. त्याच आठवड्यात व्हर्नाने नियम बदलला: ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याने ती घ्यायचीच नाही, फोन थेट दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचा. लिंडक्विस्टबाईंनी चूक अहवालात लिहिली, दुरुस्तीही लिहिली. एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

पुढच्या मार्चमध्ये आयोगापुढे सुनावणी झाली, दुसऱ्या शहरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात. आयोगाच्या मंडळातल्या एकाने अहवाल चाळत विचारलं, "ही नोंद न केलेली तक्रार. तो अधिकारी अजून खात्यात आहे?"

चीफ उत्तर जुळवेपर्यंत मागच्या रांगेतून होडाक उठले. स्वतःच्या रजेत आणि स्वतःच्या गाडीने आले होते.

"आहे, साहेब. तो मीच. आता नव्या पोरांना तक्रार कशी लिहायची ते मी शिकवतो. या सार्जंटबाईंनी माझ्यावर जबरदस्तीने लादलंय."

मंडळात हशा पिकला. चार वर्षांची मान्यता एकमताने मिळाली.

परतताना व्हर्ना होडाकच्या गाडीत बसली. हमरस्त्यालगतच्या खानावळीत थांबून दोघांनी चेरीची पेस्ट्री आणि कॉफी घेतली.

"चार वर्षांनी परत हेच सगळं?" होडाकनी विचारलं.

"चार वर्षांनी कशाला? सोमवारपासूनच."

"मी तोवर निवृत्त होतो बघ!"

"अर्ज माझ्याकडेच येईल, लेफ्टनंट. तीन प्रतींत द्या."

होडाक शिव्या देत उठले आणि तिच्यासाठी पेस्ट्रीचा आणखी एक तुकडा घेऊन आले.