फोनवर खात्री करावी

बेघरपणा कमी करायचा राज्याचा आराखडा आखायला जी समिती नेमली, तिच्यात एक खुर्ची 'अनुभवी सदस्या'साठी होती. म्हणजे रस्त्यावर दिवस काढलेली बाई. बाकीच्या दहाजणांकडे घर होतं, गाडी होती आणि भरपूर मतं होती. माझ्याकडे शिलाई मशीन होतं आणि सहा वर्षांपूर्वीचं उट्टं काढायचं होतं.

समितीचे अध्यक्ष तेव्हा निवारा विभागात अर्ज तपासायला बसायचे. भावाने मला आणि आईला घराबाहेर काढलं, म्हणून आम्ही त्यांच्यापुढे गेलो. अकरावा प्रश्न होता : ठेवून घेणारा नातेवाईक आहे का? फोनवर खात्री करावी. साहेबांनी माझ्यासमोर भावाला स्पीकरवर फोन लावला. भाऊ लोण्यासारखा मऊ होऊन म्हणाला, "हो हो, पाठवा की. आई आहे ती माझी."

साहेबांनी शिक्का मारला. अर्ज बंद.

"अहो, यानेच तर हाकललंय आम्हाला," मी म्हणाले.

"घरातली भांडणं घरात मिटवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

भावाने दार उघडलंच नाही. एकोणिसाव्या दिवशी बसस्टँडच्या बाकावर, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आई गेली. त्या दिवसापासून या माणसाचं वाईट व्हावं असं मला रोज वाटत आलंय. मनापासून वाटत आलंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि आता तोच प्रश्न नव्या आराखड्यात, अख्ख्या राज्यासाठी जसाच्या तसा छापला जाणार होता. "निम्मी गर्दी या एका प्रश्नावर गळते," साहेब पहिल्याच बैठकीत कौतुकाने म्हणाले होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मीही ओळख दिली नाही. पाच महिने गप्प बसून मी समितीच्या सवयी तेवढ्या पाहून घेतल्या.

त्यातली एक सवय माझ्या कामाची निघाली. कुठलाही नवा अर्ज मंजूर करण्याआधी तो कुणाच्या तरी नावाने भरून बघायचा. दरवेळी एखादा काल्पनिक म्हातारा नाहीतर काल्पनिक विधवा घ्यायचे. ती बिचारी माणसं कधी कशाला नाही म्हणायची नाहीत.

शेवटच्या बैठकीत मी म्हणाले, "साहेब, यावेळी तुम्हीच व्हा की अर्जदार. एकतीसला निवृत्त होताय, सरकारी घर सोडावं लागणार. खरा माणूस मिळाला तर अर्जही खरा भरला जाईल."

सगळे हसले. साहेबही हसले. "विचारा," म्हणाले, "मी तर मुलाकडे जाणार आहे. सामान बांधायलाही घेतलंय."

दहा प्रश्न चेष्टामस्करीत गेले. अकराव्याला त्यांनी स्वतःच मुलाचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि ऐटीत माझ्यापुढे सरकवला.

"निवारा विभागातून बोलतेय," मी म्हणाले. "एक तारखेपासून तुमच्या वडिलांना घर नाही. तुमच्याकडे सोय होईल?"

"हो हो, पाठवा की," मुलगा म्हणाला.

तेच शब्द, तोच मऊपणा. साहेबांनी सगळ्यांकडे बघून मान डोलावली आणि फोन बंद करायला हात पुढे केला. मी फोन माझ्याकडे ओढला. अर्जात नसलेला एक प्रश्न मला विचारायचा होता.

"किती दिवसांसाठी?"

"म्हणजे? असतील चार-आठ दिवस." मुलाचा आवाज खाली आला. "हे बघा मॅडम, कायमचं नाही जमणार. हिचे आईवडील असतात इथे, खोलीच शिल्लक नाही. बाबांना अजून बोललो नाहीये, तुम्हीही काही बोलू नका. कागदाला 'हो' लागत असेल तर 'हो' लिहा."

मी आभार मानून फोन ठेवला. साहेब जरा अडखळतील, एवढीच माझी अपेक्षा होती. हे घबाडच हाती लागलं. मला आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खाली अर्जाकडे बघत राहिले.

"नियमाने नातेवाईक तयार आहे," मी म्हणाले. "अर्ज बंद करू ना, साहेब?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी अर्ज स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "अकरावा प्रश्न काढून टाका." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हा फोन मात्र इतिवृत्तात नको."

इतिवृत्त टाइप करणाऱ्या टायपिस्ट बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"येऊ द्या," मी म्हणाले. "कारण लिहिल्याशिवाय बदल करता येत नाही. तुमचाच नियम आहे."

बाकीचे खाली माना घालून बसले, पण कुणी नाही म्हणालं नाही.

बैठक संपल्यावर साहेबांनी मला जिन्यात गाठलं. "ताई, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मी सांगितलं. भाऊ, फोन, शिक्का, बाक, एकोणिसावा दिवस. ते मन लावून ऐकत होते. आठवायचा प्रयत्न करताहेत, हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "नाही आठवत हो." ते खोटं बोलत नव्हते.

सहा वर्षं मी या माणसाला शिव्या घालत आले आणि त्याच्या लेखी आम्ही नव्हतोच. मघाचा सगळा आनंद नासला.

मी तशीच परत वर गेले. टायपिस्ट बाई प्रिंट काढायच्या बेतात होत्या. "कारणाच्या रकान्यात आणखी एक ओळ घाला," मी म्हणाले, आणि आईचं पूर्ण नाव, अर्जाची तारीख, शिक्का कुणाचा आणि ती कुठे कितव्या दिवशी गेली, ते सगळं सांगितलं. त्यांनी ते जसंच्या तसं टाइप केलं.

"सही अध्यक्षांची लागेल," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हणाले. "जिन्यातच आहेत ते अजून."

कागद घेऊन मी खाली आले. साहेबांनी चष्मा लावला. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. सही होईपर्यंत मी तिथून हलले नाही.