खोड सांगून द्यावी

नाडीची गाठ सुटत नव्हती. निळसर कापडाची, घरातल्या जुन्या पडद्यातून आईनं शिवलेली खोळ, तिच्या तळाशी ओवलेली नाडी आणि नाडीला अप्पांनी मारलेली ती त्यांची खास गाठ... एक टोक ओढलं की सुटते म्हणायचे, पण कुठलं टोक ते कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि आपण ऐकलं नसेल. बोटं गाठीवर होती, पण बोटांना गाठ जाणवत नव्हती. परवापासून हे असंच चाललं होतं. चहा गरम होता की गार, हे कप रिकामा झाल्यावरही तिला सांगता आलं नसतं. शेवटी तिनं नाडी बोटाला गुंडाळली आणि हिसडा मारला.

खोळीखालून संगणक निघाला. जुना, जाडजूड, पण पुसून लख्ख केलेला. असे सगळे मिळून आठ. शिकायला येणारी मुलं आटली, अप्पांचा संगणकाचा क्लास बंद पडला, जागेच्या मालकाला उद्या किल्ली द्यायची. पण यंत्रं चालती होती. याचा पंखा त्याला, त्याची तार याला असं करून अप्पांनी ती जगवली होती. आईनं एकदा म्हटलं होतं, घरात एक मुलगी असून बाहेर आणखी आठ कशाला? तेव्हापासून अप्पा त्यांना पोरीच म्हणायचे.

आणि परवा, वृद्धाश्रमाच्या पायरीवर, तिच्या हातातली कपड्यांची पिशवी काढून घेत ते म्हणाले, "पोरींचं बघ. चांगलं घर बघून दे. आणि खोड लपवून देऊ नकोस. खोड सांगून दिली की माणसं जपतात, लपवली की फेकतात." बस्स, एवढंच. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. तिनं 'बरं' म्हटलं. बापाला पोचवायला गेलेल्या मुलीनं आणखी काय म्हणायचं असतं, कुणास ठाऊक.

दादाचं काय, तो लांबून फोनवर शहाणपण शिकवणार. "चांगलं घर कसलं डोंबलाचं? भंगारवाल्याला बोलाव आणि मोकळी हो." मोकळी तर मी झालेच आहे रे... परवाच झाले. पण काल दिवसभर ती येणाऱ्यांना उलट प्रश्न विचारत बसली होती. एका दुकानदाराला काचेमागे नुसते मांडायला हवे होते, त्याला वाटेला लावलं. एक साहेब म्हणाले, सध्या गोदामात ठेवू, पुढचं पुढं. तिनं विचारलं, "गोदामात ओल आहे का? रोज कोण बघणार?" साहेब हसले. "अहो, यंत्रं घेतोय, दत्तक मूल नाही घेत!" त्यांनाही नाहीच म्हटलं. इतकं चोखंदळपण कुठून आलं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

आज आल्या त्या एका छोट्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. बुटक्या, घामाघूम, बोलता बोलता पदरानं चष्मा पुसणाऱ्या.

"कोण बसणार यांच्यापुढे?" तिनं विचारलं.

"दुपारी शाळेतली पोरं, सकाळी आमचे पेन्शनर. खिडक्या दक्षिणेला आहेत, धूळ येते, खोटं कशाला सांगू? पण झाडते मी रोज, स्वतः."

धूळ येते हे आपणहून सांगणारी बाई. दिले, तिनं मनात म्हटलं. आणि एकेकापाशी थांबून ती खोडी सांगू लागली. हिला चालू व्हायला वेळ लागतो, घाई केली की रुसते. हिचा पंखा घरघरतो, कडेला हलकी चापटी मारायची, जोरात नाही. आवाज तिचाच होता, शब्द मात्र अप्पांचे येत होते, आणि आत कुठे काही हलत नव्हतं. ग्रंथपालबाई मान डोलवत होत्या. कोपऱ्यातला शेवटचा तिनं चालू करून दाखवला. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटून थांबली.

"याला रोज सकाळी तारीख सांगावी लागते," ती म्हणाली. "आतला सेल बसतो ती खाच सैल झालीये. रात्री बंद केला की दिवस विसरतो. सकाळी तेवढी तारीख घातली, की मग दिवसभर बघायला नको."

"आणि नाहीच घातली तर?"

"तर... काही नाही. बिघडत नाही, आवाज करत नाही. नुसता बसून राहतो."

बोलून झालं आणि तिला स्वयंपाकघर दिसलं. ओट्याशी पाठमोरी ती, कणीक मळताना आतल्या खोलीकडे हाक टाकणारी: 'अप्पा, आज मंगळवार हो!' आणि आतून, 'हो का? मग चला!' त्या 'चला'नंतर अप्पांना चष्मा सापडायचा, सदऱ्याची बटणं नीट लागायची, सगळा दिवस रांगेत यायचा. एकदा ती हाक न मारताच कामावर गेली, तर दुपारी परतेपर्यंत अप्पा खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेले. चहा नाही, पाणी नाही. तक्रारही नाही. नुसते बसलेले...

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकानं विचारलं होतं की. चांगला माणूस होता, पेन खाली ठेवून विचारलं होतं, "काही सवयी? काही सांभाळावं लागतं?" आणि ती घाईघाईनं म्हणाली होती, "छे हो! अगदी साधे आहेत. काही म्हणजे काही त्रास नाही त्यांचा." कारण आधीच्या ठिकाणी 'विसरतात' हा शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्यांनी हात जोडले होते. कारण दोनदा गॅस उघडा राहिला होता, एकदा घराची वाट चुकली होती, आणि तिनं अगदी हात टेकले होते. कारणं सगळी खरी होती. खोड मात्र लपवली होती.

"सांगू की रोज," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

त्यांनी वाकून, एका बोटानं, तिच्यादेखत तारीख घातली. "आज शुक्रवार ना?" पडदा उजळला.

मग टेम्पो आला, आठही जणी खोळींसकट चढल्या, बाई पुढे बसून हात हलवत गेल्या. खोली रिकामी झाली. टेबलांवर धूळ न बसलेले चौकोन तेवढे राहिले. अजून सकाळच होती. कालही सकाळ झाली असणार तिकडे... तिनं फोन काढला, वृद्धाश्रमाचा नंबर समोर आला, अंगठा त्यावर तसाच राहिला. सांगितलं, तर घेऊन जा म्हणतील. नाही सांगितलं, तर ते बसून राहतील खाटेच्या कडेला. आणि माणसं म्हणतील, किती साधे आहेत, काही म्हणजे काही त्रास नाही.

"अप्पा, आज शुक्रवार हो," ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, आणि सवयीनं थांबली, उत्तरासाठी.

बोटावर नाडीचा लाल वळ उठला होता. तो आता झोंबत होता, चांगलाच झोंबत होता.